जमीन अजून खचते आहे

काळ्या जाळीचा रोल.

धाकलूकाकाचा भिजलेला पेंढा.

तांदळाच्या दाण्याची जाडी: दोन मिलिमीटर, थोडं इकडे-तिकडे.

बाईजाकाकीच्या डोक्यावर वांग्यांची पाटी, वळसा धरून चार किलोमीटर जास्त.

शहापूरहून येणारी निळी मोटारसायकल. फक्त गुरुवारी.

हे सगळं एकाच रस्त्याचं आहे. गावातून धसईला जाणारा जुना रस्ता मधल्या सखल खाचरांत दर पावसाळ्यात रुतायचा, फाटायचा. आता तिथं नवा भराव घातलाय. खाली चिखल, चिखलावर कापड, कापडावर जाळी, जाळीवर माती. माथ्यावर मातीचा एक जादा थर, नुसता दाबायला. जमीन खचायची थांबली की तो थर काढतील, डांबर पडेल, रस्ता सुटेल. तोवर धसईच्या बाजाराला वळशानेच जायचं.

किती खचते ते चंदा मोजते. गावातलीच, बारावी झालेली. भरावाच्या तळाशी लोखंडी पत्रे पुरलेत आणि प्रत्येकाची एक सळई मातीतून वर आलीय. साइटचा राखणदार धाकलूकाका सळईच्या टोकावर पट्टी धरतो. चंदा तिपाईवरच्या दुर्बिणीतून आकडा वाचते, आठवड्यात किती मिलिमीटर खचलं ते वहीत लिहिते. हे सोमवारी. गुरुवारी कंपनीचा इंजिनिअर सुयोग येऊन वही बघतो.

२३

पहिला आठवडा. चंदा घाबरली होती.

"सर, जाळी असून खाली चाललंय."

"जाणारच. चिखलातलं पाणी निघेल तसं बसणार. जाळी त्याला फाटू देत नाही, बाजूला सरकू देत नाही. जायचं ते सगळं मिळून जातं."

मग त्याने दुर्बिणीचे पाय थोडे आखूड केले. तोवर ती टाचा उचलून बघत होती. हे त्याला कधी दिसलं, कोण जाणे.

११

उरलेल्या कापडाचा तुकडा धाकलूकाकाने पेंढ्यावर घातला. नोव्हेंबरात अवकाळी आला आणि सगळा पेंढा चिंब झाला.

"काका, पाणी आरपार जावं म्हणूनच ते कापड असतं," सुयोग म्हणाला.

"मंग आदी सांगायचं ना. दिसतं तर ताडपत्रीसारखं."

"त्यांना नका सांगू," बाईजाकाकी नवऱ्याला म्हणाली. "गोठ्यात म्हस हाय, तिला सांगा. ती खाल का तो पेंढा, इचारा."

सुयोग हसला. चंदाने त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणून तो आठवडा तिला अकरा म्हणून आठवतो.

२, २

नियम त्यानेच वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलाय. सलग तीन आठवडे दोन किंवा त्याहून कमी, की त्याचं इथलं काम संपलं. पुढची साइट पालघरकडे.

"तिकडं तर खाडीच आहे. दोन वर्षं तरी पुरती बसणार नाही ती जमीन," तो म्हणाला. खुशीत होता.

चंदा रोज संध्याकाळी भरावाच्या कडेकडेने चालायची. कुठं भेग दिसते का बघायची. जमिनीने अजून खचावं असं तिला वाटत होतं, आणि हे गावात कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं.

६

तिसरा सोमवार. दुर्बिणीत मधली सळई गेल्या वेळेपेक्षा एक मिलिमीटर खाली. तिने परत पाहिलं.

"काका, पट्टी सरळ धरा."

"सरळच हाय गो. तूच वाकडी झालीस."

तिने वहीत सहा लिहिले. सहा म्हणजे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सहा म्हणजे आणखी तीन गुरुवार. तो तपासणार नव्हता. "चंदाचा आकडा मी परत बघत नाही," असं तो मोठ्या साहेबांसमोर बोलला होता.

बाईजाकाकी धसईहून परतली. रिकामी पाटी उपडी करून तिच्यावर बसली, तळपाय चोळू लागली.

"सुटतोय का रस्ता?"

"बघायचं, काकी."

"खाली बघून काय बोलतेस? परत खचला का?"

चंदाने तिच्या पायांकडे पाहिलं. मग वहीकडे.

"नाय. बसलाय तो."

१

खोडरबर चालत नाही, हेही त्यानेच शिकवलं होतं. चूक एका रेघेने खोडायची, खालचा आकडा दिसला पाहिजे, शेजारी सही. तिने तसंच केलं.

गुरुवारी त्याने वही उघडली. खोडलेल्या सहावर त्याचं बोट थांबलं.

"हे काय?"

"चुकून झालं, सर."

"तुझं चुकत नाही."

धाकलूकाका चहाचे पेले घेऊन आला. सुयोगने चहा थंड होईपर्यंत हातात धरला. मग तिच्या सहीखाली सही केली, वही बॅगेत घातली.

"जपून जावा, सर," ती म्हणाली.

मोटारसायकल भरावावरून नाही, वळशाच्या रस्त्याने गेली. सोमवारी माथ्यावरची माती काढायला मशीन आलं.

जाळी अंथरली त्या दिवशी एक कडा चंदाने धरली होती, दुसरी सुयोगने. रोलची रुंदी पाच मीटर होती.