बाबागाडीतले सोंडे

डेन्मार्कमधल्या मॉर्स बेटावरच्या कीटकनाशक चाचणी केंद्रात थिरा होती आणि तिचे सोंडे होते, बाकी कुणी नाही. गव्हातले हे किडे ती जीव लावून वाढवायची आणि मग कंपन्यांच्या नव्या औषधांनी मारायची. यात तिला कधी काही विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटणाऱ्या माणसांना अशी नोकरी टिकवता येतही नाही म्हणा.

निम्म्या बरण्यांतल्या गव्हाला औषध लावायचं, निम्म्यांतला तसाच ठेवायचा. बिनऔषधाचे सोंडे जगलेच पाहिजेत. तेही मेले, तर औषधाने कोण मेलं हे कळणार कसं? यंदा मात्र सगळं उफराटंच चाललेलं. औषधवाले मजेत गहू पोखरत होते आणि बिनऔषधाचे झाडून सगळे उताणे पडले होते. पुन्हा असं झालं तर केंद्राला टाळं लागणार होतं. थिराला जेवण जाईना.

औषध कंपनीचा प्रेबेन कोपनहेगनहून तपासायला आला.

"बिनऔषधाचे कुठे ठेवतेस?"

"दिवसा बाहेर. बाबागाडीत."

अंगणात सफरचंदाखाली तिच्या लेकींची जुनी बाबागाडी उभी होती. आत जाळीच्या झाकणांच्या बरण्या शेजारी शेजारी निजवलेल्या. औषधवाल्यांना बाहेर काढायची सोय नव्हती, पण धडधाकट जिवांना मोकळी हवा नको? तिकडे तान्ह्या मुलांना थंडीतही बाहेर गाडीतच झोपवतात; प्रेबेनची मुलंही बर्फात, अशाच गाडीत झोपून मोठी झाली होती. त्याने वाकून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दुलई कुठंय?"

"मे महिन्यात?"

"मग काय, गारठले बिचारे. एवढंही कळू नये तुला?"

"मला शिकवू नकोस. दोन पोरी वाढवल्यात मी."

"निदान टप तरी पुढे ओढायचा."

त्याने टप ओढला आणि त्याची काळी बाही पांढरीफटक झाली. दोघांनी एकदमच मागे, टेकडीकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या मातीची खाण होती. बेटावर सगळे ती माती मांजराच्या शी-शूच्या पेटीत घालतात. किड्याच्या अंगावर बसली, की ती त्याच्या कातडीवरचं मेण ओढून घेते आणि किडा वाळून मरतो. थिराला हे चांगलं ठाऊक होतं. वारा रोज ती माती जाळीतून आत घालत होता, आणि गाडी रोज तिनेच बाहेर आणली होती.

"म्हणजे आमच्या नव्याकोऱ्या औषधापेक्षा तुझा वारा भारी," प्रेबेन म्हणाला. "आता या मातीचीच चाचणी घेऊ. थिरा, केंद्र वाचलं तुझं."

थिरा बरणी मांडीवर घेऊन रडत होती.

"अगं, जन्मभर हेच तर केलंस. किडे मारायचाच पगार घेतेस ना?"

"हो. पण हे जगायचे होते."

प्रेबेनने कोट काढला, झटकला आणि गाडीतल्या बरण्यांवर नीट पांघरला.