बाकी कुस्तीसारखंच

बलभीमला आदिलाबादच्या जंगलात मी पाठवलं. हुकमावर सही मोहतमीम साहेबांची होती, शिक्का निजाम सरकारचा होता, पण पाठवलं मी. हे आजवर कुणाला सांगितलं नाही. एका बाईला सांगितलं, तेवढंच.

मी गुरुलिंग, धाराशिवच्या पोलीस कचेरीतला कारकून. कारभार सगळा उर्दूत, आणि शिपाई निम्मेअधिक खेड्यापाड्यांतले. त्यांना उर्दू मोडकंतोडकं बोलता यायचं, वाचता यायचं नाही. कुठलाही कागद हातात पडला की तो घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. 'अप्पा, काय म्हनतंय ह्ये?' मला त्याचा भयंकर वैताग यायचा. माझा स्वभावच तुसडा. समोरच्याला अक्षर येत नाही हा जणू त्याने माझ्याविरुद्ध केलेला गुन्हा आहे, अशा आवाजात मी वाचून दाखवायचो.

साल चव्वेचाळीस. दूरवर लढाई चालली होती आणि तिच्या फंडासाठी पोलिसांत मुक्केबाजीच्या लढती भरवाव्यात, असा हुकूम हैदराबादेहून आला. आमच्याकडे तालमी गल्लोगल्ली, पण मुक्केबाजी बापजन्मात कुणी पाहिलेली नव्हती. त्याच आठवड्यात आदिलाबादला एक शिपाई पाठवा, असाही कागद आला. नावं दोन निघाली, बलभीम आणि सॅम्युअल. मोहतमीम साहेब म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसांचे सगळ्यांत मोठे अंमलदार, आणि माणूस हौशी. ते म्हणाले, या दोघांचीच लढत लावा. जिंकेल तो इथं राहील, हरेल तो जाईल.

सॅम्युअल सिकंदराबादच्या गोऱ्यांच्या छावणीत वाढलेला, त्याचा बाप तिथं खानसामा होता. अंगाने सडपातळ, हात लांब. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता, तेव्हा त्यालाही इथंच राहायचं होतं. बलभीम तेरचा. अंगापिंडाने दणकट, जत्रेतल्या कुस्त्या मारलेला गडी. त्याची आई धुरपदाबाई, एकटीच तेरला असायची. अंगावरून वारं गेल्यापासून तिची डावी बाजू लुळी होती, उजव्या हाताला कंप होता. आठवडाभर शेजारीण दोन वेळा भाकरी भरवून जायची, तीही कुरकुरत. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. त्या दिवशी पहाटेच बलभीम सायकल हाणत तेरला जायचा, आईला अंघोळ घालायचा, तिची नखं काढायचा, अंथरूण उन्हात टाकायचा, पोटभर जेवू घालायचा. म्हातारी त्या एका दिवसावर जगत होती. आदिलाबादहून तेरला शुक्रवारी येता येत नाही, आणि तिथल्या जंगलात तिला नेणं शक्य नव्हतं. तिला सांभाळायला सोबत न्यावीत अशी घरात दुसरी माणसं नव्हती आणि मागे ठेवायलाही नव्हती.

मुक्केबाजीच्या नियमांचा कागद उर्दूत आला होता. दोन पानं, अकरा कलमं. बलभीम तो घेऊन माझ्याकडे आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी जेवायला निघालो होतो. मी उभ्या उभ्याच पहिली तीन कलमं वाचली. मुठी मारायच्या, धरायचं नाही, कमरेखाली मारायचं नाही, तीन डाव, प्रत्येक डाव तीन मिनिटांचा.

'आन् समोरचा पळाया लागला तर वो, अप्पा?'

'पळेल तो हरेल. आणखी काय?'

'न्हाय, म्हंजी कागदात काय लिवलंय?'

'हे बघ, मुठींनी मारायचं. बाकी कुस्तीसारखंच.' मी कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. तो माझ्या पाया पडला आणि गेला. मी घरी जाऊन जेवलो. आमटी काय होती, तेही आठवतं. शेपूची होती.

लढत पोलीस लायनीच्या मैदानावर झाली. चार खांब रोवून विहिरीचे दोर ताणले होते. पंच म्हणून सिकंदराबादेहून एक म्हातारे सुभेदार आले होते. गाव लोटलं होतं. मी बलभीमच्या कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन बसलो, कारण त्यानेच तसं सांगितलं होतं. 'तुमी जवळ बसा, अप्पा. तुमास्नी नियम ठावं हायत.'

टोल पडला आणि बलभीम सरळ चालून गेला. सॅम्युअल तिथं नव्हताच. तो डावीकडे सरकला होता, आणि सरकता सरकता त्याने डाव्या हाताने बलभीमच्या नाकावर एक टिचकी मारली. टिचकीच म्हणायची. बलभीमने मान झटकली आणि पुन्हा चालून गेला. पुन्हा तेच. सगळी तीन मिनिटं सॅम्युअल गोल गोल फिरत होता आणि बलभीम त्याच्या मागे मागे. लोक हसत होते. बलभीमला नव्हे, सॅम्युअलला. 'पळतंय रे, पळतंय बघा,' असं कुणीतरी ओरडलं आणि सगळं मैदान त्याची हुर्यो करू लागलं. मीही केली.

दुसऱ्या डावात बलभीमची भुवई फुटली. त्याचे मुक्के मोठे होते, पण पडत हवेत होते. लागत होते ते सॅम्युअलचे, लहान लहान, एकाच जागी. तरी बलभीम कोपऱ्यात येऊन बसला तो खुशीत.

'दम लागलाय त्येला, अप्पा. दोन्ही डाव पळालाय त्यो. एकबी डाव उभा ऱ्हायला न्हाय.'

'झालंच आता,' मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

तिसऱ्या डावात सॅम्युअलची पाठ दोराला लागली. कशी लागली, कुणास ठाऊक. बहुतेक मैदानातल्या खड्ड्यात पाय मुरगळला असावा. बलभीमने त्याच्या बरगड्यांत दोन मुक्के घातले. आवाज माझ्यापर्यंत आला. सॅम्युअलचे हात खाली आले, तोंड उघडं पडलं. आणखी एक मुक्का, आणि तो बसला असता. शेंबड्या पोरालाही ते दिसत होतं.

आणि बलभीम मागे सरला. तीन पावलं मागे सरून मधोमध जाऊन उभा राहिला, मांडीवर थाप मारली आणि सॅम्युअलला हाताने खुणावलं, ये, मधे ये. आखाड्यात जोड कडेला गेली की पंच सोडवतो आणि पुन्हा मधोमध लावतो. कडेला रेटून चीत करणं कुणी मर्दानगी मानत नाही. सगळं मैदान म्हणालं, शाब्बास. मीही म्हणालो.  सॅम्युअलने दोराला धरून चार श्वास घेतले, मधे आला आणि पुन्हा फिरू लागला.

शेवटचा टोल पडल्यावर बलभीम सुभेदारांपाशी हात वर करून घ्यायला जाऊन उभा राहिला. त्यांनी सॅम्युअलचा हात वर केला. बलभीम वर बघत राहिला. मैदानात आरडाओरडा झाला, दोन चपला आत आल्या. तो कोपऱ्यात आला, बसला, आणि मी त्याचे हातमोजे सोडले.

'पळत हुता की त्यो,' तो म्हणाला. मी म्हणालो, 'व्हय.'

संध्याकाळी सुभेदार कचेरीत चहाला बसले होते. ते म्हणाले, चालून जाणारा गडी फिरणाऱ्यापुढे नेहमी हरतो, कारण तो त्याच्या मागे जातो. मागे जायचं नसतं. तो जिथे जाणार ती वाट अडवायची, दोरापर्यंत रेटायचं, आणि मग तिथून हलू द्यायचं नाही. तुमच्या माणसाला ते एकदा सापडलं होतं, हातात आलेलं का सोडलं त्याने? मी म्हणालो, माहीत नाही. ते गेल्यावर मी दप्तरातली प्रत काढली. सातव्या कलमात लिहिलं होतं की मागे सरणं किंवा फिरणं हा दोष धरू नये. आठव्यात, दोराला टेकलेल्या गड्यावर मारण्यास मनाई नाही. स्वच्छ अक्षर होतं. मी कागद जागच्या जागी ठेवला. मला वाटलं होतं, छातीत काहीतरी होईल. काही झालं नाही. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वाटत होते, एवढंच, आणि ते तसेच वाटत राहिले.

जायच्या दिवशी बलभीम माझ्याकडे आला. भुवईच्या जखमेवर खपली धरली होती. तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, 'तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं, अप्पा. गोऱ्यांचा ख्योळ त्यो. तुमी माज्यासाटी जेवण सोडून कागद वाचून दिलासा, कोन करतंय?' मग म्हणाला, 'शुक्रवारी येकदा आईकडं जाऊन याल का? दुसरं कुणी न्हाय मला.'

मी हो म्हणालो.

पहिल्या शुक्रवारी तेरला गेलो. धुरपदाबाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीने अंघोळ घातली होती, त्यासाठी मी आधीच तिच्या हातापाया पडून तिला राजी केलं होतं. मी दुधात भाकरी कुस्करली आणि म्हातारीला भरवायला बसलो. स्वतःच्या आईलाही मी कधी भरवलं नव्हतं.

दोन घास झाल्यावर ती म्हणाली, 'सांगत हुता त्यो, दोरापाशी गाठला हुता म्हनं. मंग सोडला का? शाना हाय की माजा ल्योक.'

मी घास हातात घेऊन बसलो. 'कुणीतरी त्याला सांगितलं होतं, कुस्तीसारखंच असतं म्हणून.'

'कुनी?'

'मीच. कागद पुरता न वाचता सांगितलं. वाचला असता तर तो इथं असता.'

तिने माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी घास पुढे केला. तिने तोंड मिटून घेतलं आणि मान भिंतीकडे वळवली. मी हात मागे घेतला नाही. दूध बोटांवरून मनगटावर उतरलं. शेजारीण आता रात्रीच येणार होती, आणि ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हातारीने तोंड उघडलं.