माझ्या नावाच्या ओपेन्की

मी एक जुना बुंधा आहे, मित्रांनो. खरे तर 'आहे' म्हणणे आता जरा धाडसाचेच, पण ते पुढे कळेल.

कार्पेथियन डोंगरांच्या उतारावर मी ओक म्हणून वाढलो. खालच्या गावातल्या प्रोकिपने आपल्या लग्नाच्या वर्षी मला तोडले आणि नव्या घराला माझ्या लाकडाचा उंबरा केला. वरचा मी माणसांत गेला, खालचा रानात राहिला. वाटले, संपले आपले.

पण काही वर्षांनी शरद ऋतूत माझ्या सालीतून मधाच्या रंगाची अळंबी फुटली, दाटीवाटीने, एकमेकींना खेटून. प्रोकिपची बायको हाफिया लेकीला पाठुंगळी घेऊन आली होती.

"आई, यांना ओपेन्की का म्हणतात?" छोट्या स्लावकाने पाठीवरूनच विचारले.

"अगं, पेन्य म्हणजे बुंधा. बुंध्याभोवती जमतात त्या ओपेन्की."

"म्हणजे हा त्यांचा बाबा?"

"बाबा कसला! घास आहे त्यांचा. खाऊन खाऊन संपवतील बिचाऱ्याला."

मला राग यायला हवा होता. पण भर उमेदीत उभा होतो तेव्हा माझे नाव कुणी कशालाच दिले नव्हते. आता तुटल्यावर एवढ्या जणी ते मिरवत होत्या. मी मनातून फुशारलो.

हाफिया सुरीने देठ कापायची, हिसका कधी द्यायची नाही. टोपलीवर नेच्याची पाने पसरायची, कारण आमच्याकडे अळंबीची जागा कुणी कुणाला सांगत नाही. शेजारीण वारवारा उताराखालून हमखास ओरडायची, "कुठं मिळाल्या गं एवढ्या?"

"जंगलात!"

"हो का? मला वाटलं, चुलीत उगवल्या!"

जागा दाखवायची ती फक्त पोटच्या लेकराला, आणि तीही तिथवर नेऊन. तोंडाने सांगितली तर ती आटते, असे सगळेच मानतात.

पुढे प्रोकिप गेला. स्लावका इटलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला गेली. गावात फोनला रेंज नाही, उतारावर आहे. म्हणून हाफिया माझ्यावर बसून लेकीशी बोलायची.

"ओपेन्की उकळून पहिलं पाणी फेकून दिलं, मग कांद्यावर परतल्या. तू कधी येतेस?"

"पुढच्या शरदात, आई. पण जागा तरी सांगून ठेव ना. आत्ता कुठं आहेस?"

"जंगलात!"

दोघी हसायच्या. फोन ठेवल्यावर मात्र हाफिया कितीतरी वेळ माझ्या सालीवरून हात फिरवत बसायची. तिची वाट पाहणे हळूहळू माझ्यातही मुरले. दर वर्षी मी थोडा कमी होत होतो. मी मातीला मिळण्याआधी स्लावका येईल का, एवढीच धास्ती होती.

मग एका शरदात हाफियाही आली नाही. ओपेन्की उगवल्या, काळ्या पडल्या, गळून गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. तिच्या हाताची मला फार आठवण यायची.

आणि यंदा खालून आवाज आला.

"उजवीकडं. अगं, उजवीकडं! इटलीत उजवा हात बदलला का तुझा?"

"आई, गप्प बस जरा. दम लागलाय मला."

स्लावका आली होती. तिचे केस पिकू लागले होते. पाठुंगळीला हाफिया होती, काठीने वाट दाखवत. पाय गेले, तरी तिने तोंडाने जागा सांगितली नव्हती.

काठी थांबली. स्लावकाने इकडेतिकडे पाहिले.

"आई, बुंधा कुठाय?"

ओपेन्की गोल उभ्या होत्या. मधोमध नुसती मऊ माती होती.

"तो काय," हाफिया म्हणाली. "एवढ्या जणी उभ्या आहेत ना त्याच्याभोवती!"

स्लावकाने आईला अलगद खाली बसवले. हाफियाने वाकून मातीवरून हात फिरवला.

मित्रांनो, अळंबी कापून घ्या, उपटू नका. आणि तुमचे कुणी जागा दाखवायला थांबले असेल, तर त्याचे पाय चालताहेत तोवर या. उशीर झालाच, तर पाठ घेऊन या.