दर्भाचा कावळा

सारजाबाई गेल्याचं कळलं त्या दिवशी बहिरू येडगाव धरणाच्या काठाला मेंढरं धूत होता. लोकर कातरायच्या आधी ती धुवावीच लागतात. कमरेइतक्या पाण्यात तो उभा, बगलेत एक मेंढी. गावचा पोलीस पाटील जालिंदर काठावरूनच ओरडला, "बहिरूनाना, बाहेर या आधी."

"येवढी धुतो न् येतो."

"राहू द्या ती. तुरुंगातनं फोन व्हता."

बायकोला जामीन झाला असेल म्हणून बहिरू हसतच बाहेर आला. जालिंदरनं डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा त्याला समजलं. रात्री छातीत दुखतंय म्हणाली. सकाळी दवाखान्यात नेऊ, असं तुरुंगवाले म्हणाले. सकाळपर्यंत ती राहिलीच नाही.

सारजाबाईचा गुन्हा काय, तर कापड. गावच्या गायरानाला कंपनीनं कुंपण घातलं, मेंढरांची वाट बंद झाली, म्हणून आळेफाट्यावर मोर्चा निघाला. लई माणसं गेली, तीही गेली. मोर्चा संपल्यावर पोरांनी कापडी फलक तिथंच टाकला. मेंढपाळाच्या घरातली बाई धडधाकट कापड रस्त्यावर टाकून येईल का? तिनं ते घडी घालून घरी आणलं आणि थंडीत कोकरांवर पांघरलं. त्यावर काय लिहिलंय, ते तिला वाचता येत नव्हतं.

पुढं सरकारनं नव्या सुरक्षा कायद्याखाली मोर्चा काढणारी संघटनाच बेकायदा ठरवली. पोलीस घरी आले. कोकरांवरचं कापड उचललं, पंचनामा केला. बंदी असलेल्या संघटनेचं साहित्य बाळगलं म्हणाले. सारजाबाई फौजदाराला म्हणाली, "न्या की भाऊ, पण कोकरांवर दुसरं कायतरी टाका. गारठतील." त्यानं तिलाही गाडीत घातलं. जामीन मिळालाच नाही.

माती झाल्यावर बहिरू जुन्नरला वकिलाकडं गेला.

"आता तरी कोर्टाला म्हणायला लावा, तिनं काय केलं न्हाई म्हणून."

"नाना, आरोपी मेला की खटला तिथंच संपतो," वकील म्हणाला. "शिक्षा नाही, तशी निर्दोष सुटकाही नाही. फाईल बंद."

"मंजी लोकांनी तिला देशद्रोही म्हणायचं ते म्हणायचंच?"

वकिलानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

दहाव्याला सगळे नदीच्या घाटावर जमले. इकडं दहाव्याला माईक लागतोच. पुढारी येतात, श्रद्धांजलीची भाषणं होतात. फौजदार आधीच येऊन बजावून गेला होता, "जमावबंदी आहे. विधी करा, पण त्या विषयावर कोणी बोलायचं नाही." मग सत्ताधारी पक्षाचे साहेब गाड्यांचा ताफा घेऊन आले. त्यांच्या जमावाला बंदी नव्हती.

साहेबांनी माईक घेतला. "आपलं सरकार प्रत्येकाच्या बोलण्याच्या हक्काचं रक्षण करतं. हा कायदा देशाच्या दुश्मनांसाठी आहे. तुमच्या-माझ्यासारख्यांना कसलीही भीती नाही. सारजामावशींच्या आत्म्याला शांती लाभो."

"मग मावशी दुश्मन का तुमच्या-माझ्यासारखी, येवढं तरी सांगून जा म्हणावं," बहिरूची भावजय कुशाबाई पदराआड पुटपुटली.

बहिरू उठला, माईककडं गेला. फौजदारानं हात आडवा धरला. "नाना, दुःखात आहात. राहू द्या." कुणीतरी माईकची वायर काढली.

पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर बसला होता, पण खाली येईना. मग रीतीप्रमाणं मेलेल्या माणसाला शब्द देणं सुरू झालं.

"सारजे, मेंढरं कमी व्हऊ देणार न्हाई," बहिरूचा भाऊ म्हणाला.

"आत्या, हर्षालीची शाळा सोडवणार न्हाई. तुझी नात लई शिकंल," तिचा भाचा म्हणाला.

"वैनी, गायरानाचं..." म्हणता म्हणता शेजारच्या सावळेरामची नजर फौजदारावर गेली आणि तो गप्प झाला.

कावळा हलला नाही. भावकीतला एक म्हातारा बहिरूच्या कानाशी लागला, "तुला ठावं हाय काय बोलायचं. बोल की."

बहिरूला ठाऊक होतं. तुझ्या नावावरचा डाग कोर्टातनं पुसून आणीन, असं म्हणायचं होतं. पण वकिलाचं बोलणं त्यानं ऐकलं होतं. जितेपणी तिला खोटा शब्द कधी चालला नव्हता, मेल्यावर कसा द्यायचा? तो हात जोडून नुसता बसून राहिला.

ऊन चढलं. साहेबांच्या गाड्या गेल्या. भटजी म्हणाले, "नाना, दर्भाचा कावळा करून शिववू. चालतं तसं."

"करा," बहिरू म्हणाला. "सरकारबी तसंच करतंय. खरा आला न्हाई की गवताचा करायचा, न् शिवला म्हणायचं."

भटजींनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. दर्भाला गाठ मारून कावळा केला, पिंडाला टेकवला. लोक हातपाय धुऊन जेवायला उठले.

कोकरांवरचं ते कापड अजून पोलिसांकडंच आहे. कोकरांवर बहिरू सारजाबाईचं जुनं लुगडं घालतो. कुंपणही आहे तिथंच आहे. आणि सारजाबाई निर्दोष होती, असं अजून कुठल्याही कोर्टानं म्हटलेलं नाही.