झाकणापेक्षा मोठा पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. मैलापाण्याचा. नाक मुरडलंत? खुशाल मुरडा. तुम्ही पाणी सोडून जे विसरता, ते मी जन्मभर पोटातून पुढे ढकललं. मला मुरडायला नाक नव्हतं, एवढाच काय तो फरक.

ओतशाळेत तांबड्या रसातून मी जन्मलो. वाळूच्या साच्यात निजलो, लेथवर घासून निघालो, अंगावर निळा रंग चढला. ज्याने मला घडवलं, त्या कारागिराने निघताना पाठीवर थाप मारली. "जा बाबा, दिल्या घरी सुखी राहा."

दिल्या घरी! ऐका त्या घराची कथा.

शहराच्या सखल टोकाला, जिथे सगळी गटारं उतरून येतात, तिथे एक खोल खड्डा बांधायचा होता. त्यात मी आणि माझा जुळा भाऊ बुडून बसणार, आलेला मैला उपसून शुद्धीकरणाकडे धाडणार. खड्ड्याचा नकाशा काढला एकाने, बांधकाम दिलं दुसऱ्याला. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. नकाशेवाल्याने आधी लहान पंप धरले होते. मग आम्ही मोठे ठरलो, तेव्हा त्याने खड्डा रुंद केला आणि छतातलं झाकण रुंद करायचं विसरला. कंत्राटदाराला ते दिसलं. दिसलं, बरं का! पण बोलेल तर शपथ. कागदावर आहे तेवढं करायचं, हा त्याचा धर्म. आम्हाला उघड्या खड्ड्यात उतरवलं आणि वरून छत ओतलं. कोवळा भोपळा मडक्यात वाढावा आणि मडक्याचाच होऊन बसावा, तसे आम्ही आत.

उद्घाटनाला टाळ्या झाल्या. साहेबांनी बटण दाबलं, भाऊ आणि मी गुरगुरलो, सगळे म्हणाले, "वा!" कुणी विचारलं नाही की बिघडलं तर यांना वर कसं काढायचं.

आमची देखभाल तात्याकडे होती. गरीब स्वभावाचा, आमच्याशी बोलणारा. "काय रे, आज घसा बसला का?" असं तो झाकणातून विचारायचा. माझ्या घशात तुमच्याच चिंध्या असायच्या. साखळीने वर ओढावं, चिंधी काढावी, पुन्हा सोडावं, इतकं सोपं काम. पण झाकण लहान! भाऊ लवकरच जळाला आणि तिथेच राहिला. उरलो मी. मी अडकलो की मैला तुंबायचा आणि तात्या कमरेला दोर बांधून स्वतः खाली उतरायचा. त्या खड्ड्यात वायू साचतो. तो दिसत नाही, आणि माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही.

साहेबांनी दोघांना बोलावलं. नकाशेवाला म्हणाला, "बांधताना विचारायला हवं होतं." कंत्राटदार म्हणाला, "नकाशा काढताना डोळे उघडे ठेवायला हवे होते." साहेब म्हणाले, "बघू या." आणि तिघांनी चहा घेतला. मी कितीतरी घाण पाहिली आहे मित्रांनो, पण तिला निदान उताराकडे वाहायची लाज असते.

मग एका दुपारी तात्या उतरला आणि दोर सैल पडला. वर दोर धरून बसलेल्या दोघा मदतनिसांनी ओढून काढलं, तेव्हा त्याचे ओठ माझ्या रंगाचे झाले होते. वाचला. कसा वाचला, त्यालाच ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची थोरली बहीण, अक्का, पंपघरात आली. ती शिवणकाम करते. गळ्यात मापाची फीत तशीच होती. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली,

"नकाशाचा धनी वेगळा, विटांचा धनी वेगळा,
मधल्या फटीत बाई, भाऊ माझा एकुलता."

साहेब कसनुसं हसले. "अक्का, आता नवं पंपघर होतंय. नकाशा आणि बांधकाम दोन्ही एकाच मंडळींकडे. एक करार, एकच जबाबदार. आमची कटकट संपली."

"म्हणजे मुलगी दिली आणि वाटेला लागलात? साहेब, माप घेणारी मी, शिवणारीही मीच. बाही घट्ट झाली तर गिऱ्हाइकाला मी दुसऱ्या शिंप्याकडे धाडत नाही. काम एका हाती दिलंत, तेवढं बरं केलंत. पण कच्च्या शिलाईवर घालून बघायला गिऱ्हाइकाला यावंच लागतं. तुम्ही कधी आलात?"

"मग काय करू म्हणता?"

"ताबा घ्यायच्या आधी पंप माझ्यासमोर वर काढून दाखवायचा. करारात घाला. नाहीतर तात्या उद्यापासून घरी. तुम्ही उतरा."

साहेबांनी ते करारात घातलं. उतरायची हौस त्यांना नव्हती.

नव्या मंडळींत नकाशे काढणाऱ्या बाई आणि बांधणारा मिस्त्री एकाच टेबलाशी बसत. मी मनात म्हणालो, चोर चोर मावसभाऊ. दिवसभर नुसते भांडत. पण खाडाखोड कागदावरच होई, छतावर नाही. तेवढं कबूल करतो.

चाचणीचा दिवस आला. नवा पंप साखळीने वर आला, झाकणातून सुटला, आणि पंपघराच्या दारावरच्या तुळईला टेकून अडकला. बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने बाईंकडे. दोघांचीही बोटं उठली होती, पण दाखवायला परकं कोणी नव्हतंच. साहेब पुटपुटले, "चालेल की एवढं."

अक्का म्हणाली, "नाही चालणार."

तुळई त्यांनीच तोडली, त्यांनीच उंच बसवली. पंप बाहेर अंगणात येऊन टेकला, परत आत गेला, आणि मगच साहेबांची सही झाली. तात्या कठड्याशी उभा होता. दोर त्याने हातात घेतलाच नाही.

जुनं छत फोडून मला काढलं. आता मी कुंपणाशी गंजत पडलो आहे. भाऊही शेजारी आहे. तुमची दया नको, मित्रांनो. टाळ्या तर मुळीच नकोत. चिंध्या गटारात टाकू नका. आणि मोठे होऊन साहेब झालात, तर काम एका हाती द्या की दहा हाती, बटण दाबण्याआधी पंप वर काढायला लावा. कारण ज्या झाकणातून पंप बाहेर येत नाही, त्यातून कुणाच्या तरी भावाला आत जावं लागतं.