अकरा शेळ्या आणि पाच फुटी जाळी

शेळ्यांना कुंपण घालतो म्हणणाऱ्या माणसाला निमोण्यात दोन तऱ्हेचे लोक भेटतात. काही लगेच हसतात, काही कुंपण झाल्यावर हसतात. रशीदमामांना दोन्ही भेटले.

चाळीस वर्षं मामांनी शेळ्या मोकळ्या चारल्या होत्या. ओढ्याकाठ, गायरान, पडीक रानं, जिथं हिरवं दिसेल तिथं पुढं मामा आणि मागं शेळ्या. मामा हाकायचे कधीच नाहीत. जीभ टाळूला लावून 'ट्रर्र' असा आवाज काढायचे आणि चालू पडायचे, की कळप आपोआप मागं. पण मग गुडघ्यांनी दगा दिला. एकदा ओढ्यात पडले ते तासभर उठताच येईना. तेव्हा त्यांच्या मुलानं, कंपनीत कामाला असलेल्या नौशादनं, घरच्या एकरभर माळाला पाच फुटी तारेची जाळी ठोकून घेतली.

"अब्बा, सकाळी आत सोडायच्या, सांजच्याला आनायच्या. मधी घरी पाय पसरून बसायचं," तो म्हणाला.

मामा बसले. शेळ्या काही बसल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात अकराच्या अकरा शेजारच्या इंद्रजीतच्या पेरूत शिरल्या आणि कोवळे शेंडे खुडून मोकळ्या झाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. इंद्रजीत पोरगा सज्जन. तो घरी आला, चहा घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "मामा, तुमच्याम्होरं आवाज चढवायचा न्हाई मला. पन ती रोपं मी लेकरावानी जपल्यात."

मामांआधी नौशादच बोलला. "इंद्रजीत, आता परत शेळी तुझ्या रानात आली, तर तुला यायची गरज न्हाई. मी सोता समद्या गाडीत घालून बाजारला धाडीन. शब्द देतो."

नौशाद दिलेला शब्द फिरवत नसे, आणि ही खोड त्याला मामांनीच लावलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा जाळीच्या मागं लागला. खालून निसटतात म्हणून तळाला दगड रचले. वरून उडी मारतात म्हणून बाभळीच्या काट्या बांधल्या, तर शेळ्यांनी त्यांचा पाला मिटक्या मारत खाल्ला. फाटकाची कडी शिंगानं उघडतात म्हणून तिला तारेचे दोन वेढे दिले. दुपारी जेवायला घरी जाऊन परत यावं, तर जाळी कुठं तरी वाकलेली आणि कळप बाहेर. ते कुंपण म्हणजे शेळीचं शेपूट झालं होतं, ना लाज झाकत होतं ना माशा वारत होतं. इंद्रजीतच्या आईनं, साळूबाईनं, दोनदा शेळ्या बांधावरच अडवून गुपचूप माघारी घातल्या. लेकाला तिनं कळू दिलं नाही.

तिसऱ्यांदा मात्र खुरपं टाकून ती जाळीपाशी आली. मामा वाकून भोक शोधत होते.

"रशीदभाऊ, नगा हुडकू. भोक कुठंच न्हाई."

"मंग जात्यात कशा वहिनी?"

"मी रोज बघती. तुम्ही घराकडं निघाला की ती कपाळावर ठिपका असल्याली वरडाया लागती. तुम्ही दिसंनासं झाला की धडका द्येती, आन् जाळी वाकली की बाकीच्या तिच्या मागनं. त्या पळून जात न्हाईत हो. तुमच्या मागं येत्यात. तुमच्या घराची वाट आमच्या बांधावरनं. पेरू वाटंत लागतो, म्हनून खात्यात."

मामांनी जाळीवरचा हात काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती ठिपक्याची चांदी, आई मेल्यावर त्यांनी बाटलीनं दूध पाजून जगवलेली. मामांना आनंद झाला, अगदी भरून आलं, आणि त्याच घटकेला भीतीही वाटली. भोक असतं तर बुजवता आलं असतं. ह्याला काय बुजवणार?

उपाय एकच होता. दुसऱ्या दिवशी मामा शेळ्यांबरोबर आत गेले आणि आतून कडी लावून घेतली. भाकरी तिथंच, नमाज तिथंच पोत्यावर, डुलकी तिथंच लिंबाखाली. महिनाभर एक शेळी बाहेर आली नाही. नौशाद पाळीवरून येता-जाता बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. "जाळी शेळ्यांसाठी केली का तुमच्यासाठी?"

मामा हसायचे. त्यांची मुळीच तक्रार नव्हती.

मग यवतहून फोन आला. तिथं दिलेल्या आसमीनला, मामांच्या मुलीला, पहिली बेटी झाली होती. "अब्बा, तुम्ही कवा येताय?" एवढंच ती म्हणाली, पण नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मामांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी आपली घामेजलेली पैरण लिंबाखाली काठीवर चढवली, वर जुनी टोपी ठेवली. वास राहील, शेळ्यांना वाटेल म्हातारा बसलाय. युक्ती नामी होती. चांदी पैरणीला नाक लावून खाली बसलीसुद्धा. मामा हळूच बाहेर पडले, कडी लावली, वेढे दिले. एकेकीकडे डोळे भरून बघितलं, आणि जीपच्या हॉर्नसरशी पाठ फिरवून निघाले.

न्हावऱ्याच्या पुढं जीपमध्ये त्यांना एकदम आठवलं. पाठ फिरवताना तोंडातून काय निघालं होतं? ट्रर्र. चाळीस वर्षांची सवय! 'येतो' म्हणायच्या जागी ते 'चला' म्हणून आले होते.

त्यांनी साळूबाईला फोन लावला. लागेना. नौशाद कंपनीत पाळीवर, फोन आत नेऊ देत नाहीत म्हणून बाहेर कपाटात. आणि जीप तर यवतच्या दिशेनं धावत होती. मामा नुसते पुढच्या बाकाची दांडी धरून बसले.

नात मांडीवर होती तेव्हा नौशादचा फोन आला. आवाज थकलेला.

"अब्बा, निम्मा पेरू गेला. कळप जीपच्या थांब्यावर सापडला. चांदी तुम्ही बसला तिथंच हुबी होती." मग तो म्हणाला, "तुमची पैरन पन खाल्ली. मी शब्द दिलाय अब्बा."

"व्हय," मामा म्हणाले. रोपं लेकरासारखी जपली म्हणणाऱ्याला ते कुठल्या तोंडानं भेटणार होते? नात झोपेत हसली. मामांना ते दिसलं, पण हसू आलं नाही.

ते परतले त्या दिवशी दुपारी तळेगावचा व्यापारी म्हाळू पिकअप घेऊन माळावर आला. मागचं फळकूट पाडलं, उतरती फळी लावली. एकही शेळी चढेना. नौशादनं ओढलं, म्हाळूनं ढकललं. चांदीनं चारी पाय रोवले. अर्धा तास झटापट झाली आणि म्हाळूनं घाम पुसत दोर काढला.

"पाय बांधून टाकावं लागंल."

"थांब," मामा म्हणाले. "बांधू नगं. मुकी जनावरं हायेत."

ते फळीपाशी गेले. गुडघा वाकेना, तेव्हा नौशादनं हात दिला. त्यानं बापाच्या तोंडाकडे बघितलं नाही. मामा गाडीत चढले, अगदी टोकाला गेले आणि जीभ टाळूला लावली.

ट्रर्र.

आधी चांदी चढली. मागून दहा जणी, एकामागं एक, शाळेच्या पोरींसारख्या. चांदीनं त्यांच्या गुडघ्याला कपाळ घासलं आणि तिथंच उभी राहिली. मामांनी तिच्या ठिपक्यावर हात ठेवला. म्हाळू खालून म्हणाला, "मामा, उतरा आता. केबिनच्या बाजूनं या, न्हायतर त्या तुमच्या मागनं उतरत्याल."

मामा बाजूनं उतरले. फळकूट चढलं, कडी बसली, वर जाळी ओढली. ही जाळी काही वाकली नाही.

गाडी वळणाआड जाईपर्यंत चांदीचं ओरडणं ऐकू येत होतं. नौशाद म्हणाला, "माझ्या मोटरसायकलवर सोडतो अब्बा," पण मामांनी मान हलवली आणि चालत निघाले. बांधावर पोचल्यावर ते थांबले. मागून येणाऱ्यांना गाठू द्यावं म्हणून, नेहमीसारखे.