सुलभाताईंची निळी पाटी

मित्रांनो, मी निवडणुकीची एक जुनी पाटी आहे. अंग निळ्या प्लॅस्टिकचं, पाय एकेकाळी तारेचे. अमेरिकेत निवडणूक आली की लोक आपल्या उमेदवाराची पाटी घरापुढच्या हिरवळीत रोवतात. माझ्यावर नाव आहे सुलभा दामले.

२००१ साली सुलभाताई डेट्रॉइटजवळच्या आमच्या छोट्या गावाच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या, तेव्हा मी कोरी करकरीत होते. त्यांचं मागणं एकच होतं, अपार्टमेंटपासून शाळेपर्यंत पायवाट. मुलं रस्त्याकडेच्या गवतातून, हिवाळ्यात बर्फातून चालत जायची. एवढ्याशा गोष्टीला कोण नाही म्हणणार, असं मला वाटलं होतं.

पुढे अमेरिकेने परदेशात युद्ध सुरू केलं आणि गावात दोन तट पडले. ताईंनी पायवाटेचा विषय काढला की दोन्ही तट आधी विचारायचे, तुम्ही युद्धाच्या बाजूने की विरुद्ध? सात सदस्यांत दर वेळी तीन मतं बाजूने, चार विरुद्ध. दर निवडणुकीत ताई जिंकायच्या आणि पायवाट हरायची. सभेत त्या कधी आवाज चढवत नसत, घरी येऊन भांडी आदळायच्या. मला तर फार राग यायचा.

मग दोन्ही तटांनी रस्त्याकडेचं ते गवतही पाट्यांनी भरून टाकलं. मुलांनी चालायचं कुठून? ताईंनी नियम मांडला की सरकारी जागेत पाटी लावायची नाही. सहा वर्षांत तेवढाच ठराव एकमताने मंजूर झाला.

२००७ च्या गणपतीत मराठी मंडळाच्या नरेंद्रकाकांनी मला ताईंच्या गॅरेजमधून नेलं, पाठीवर पार्किंगचा बाण रंगवला आणि नेमकं त्याच गवतात रोवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो! नियम करणारीच नियम मोडते म्हणे.

"अहो, मागची बाजू कोरी होती. वेस्ट कशाला करायची म्हणून यूज केली," काका ओशाळून म्हणाले.

"आणि पुढच्या बाजूला माझं नाव आहे, त्याचं काय?"

"मॉम, जस्ट टेल देम, काकांनी लावली," लेक वल्लरी म्हणाली.

"मग ते मंडळाच्या मागे लागतील. नको. सॉरी मीच म्हणते."

नोव्हेंबरपर्यंत गाव माझ्याबद्दल भांडलं, पायवाटेबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्या महिन्यातल्या निवडणुकीत ताई एकोणीस मतांनी पडल्या. मी गॅरेजमध्ये तोंड भिंतीकडे करून पडून राहिले.

२००८ मध्ये अंगणोअंगणी नव्या पाट्या आल्या. एका सकाळी ताईंनी मला काढलं, माझे तारेचे पाय उपटले, नावावर पांढरा कागद चिकटवून त्यावर 'थांबा, मुलं चालताहेत' असं इंग्रजीत लिहिलं आणि मला घेऊन त्या त्याच गवताशी उभ्या राहिल्या. हातात धरलेल्या पाटीला त्यांचा नियम लागू नव्हता. गाड्या थांबल्या, दोन्ही तटांच्या.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही तिथे असतो. पायवाट अजून झालेली नाही. मित्रांनो, मला जपू नका, प्लॅस्टिक पुष्कळ टिकतं. ताईंचा हात मात्र आता दुखतो. तेवढी पायवाट करा.